फुकटचा कापूस

खारी आणि घोरपडी माणसांसारख्या बोलत, तेव्हाची गोष्ट. कुडकुडणाऱ्या पिल्लांसाठी चिंगी खारीला कापूस हवा होता. घोरपडीने गठ्ठा ढोलीशी आणून ठेवला.

"फुकट आहे, बाई. सोबत मुंगळे येतील, चालतील ना?"

चिंगीची नजर कापसावरच होती. तिने नुसती मान डोलावली.

"गोचीडही? आणि एक लांबडा पाहुणा?"

"हो, हो, दे गं लवकर!"

पिल्लं कापसात शिरली. आधी मुंगळे निघाले, मग गोचीड. चिंगी घाबरून पिल्लांना बाहेर ओढू लागली, तेवढ्यात गठ्ठ्याच्या तळाशी काहीतरी थंडगार सरकलं.

"निघ इथून!" ती किंचाळली.

"तुला विचारूनच मला आणलंय," साप शांतपणे म्हणाला.

शेजारच्या ढोलीशी घोरपड म्हणत होती, "फुकट आहे, बाई."