शिक्का मोठा की मोर्तब?

देवकुंडच्या राजे उदाजीरावांनी नगरपालिकेची निवडणूक मंजूर केली खरी, परंतु सोबत एक अटही घातली. प्रत्येक नागरिकाला दोन मते द्यायची होती: एक साऱ्या नगराच्या अध्यक्षासाठी, दुसरे आपापल्या आळीच्या सदस्यासाठी. राजांची अट अशी: आधी सांगा, या पदांत मोठे कोणते? अध्यक्ष मोठा, तर सदस्य हवेत कशाला? सदस्य मोठे, तर अध्यक्ष कशाला? दोन्ही सारखीच, तर एक फुकटचे! समर्पक उत्तर न मिळाल्यास निवडणूक रद्द, आणि कारभार पूर्ववत राजवाड्यातून.

पूर्ववत म्हणजे काय, ते तांबट आळीला विचारावे. तिथले गटार कधीचे तुंबलेले होते आणि त्याविषयीचे अर्ज राजवाड्याच्या देवडीवरच मुरत पडले होते.

आम्ही देवकुंडकर विचारवंत म्हणून प्रसिद्ध आहोत, निदान आमच्यात. साहजिकच पारावर सखोल चर्चा झाली. त्या चर्चेतून एवढेच निष्पन्न झाले, की कोणत्या पदाचे काम काय, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तत्पूर्वी आम्ही दोन्ही मते भिकोबा पैलवानाला देण्याचे एकमताने ठरवले होते. आपण कोणत्या पदासाठी उभे आहोत, हे भिकोबालाही सांगता येईना. तो शेतसारा माफ करणार होता, आणि शेतसारा नगरपालिकेच्या हातीच नव्हता.

दरबारात आम्ही तिन्ही उत्तरे देऊन पाहिली आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली. निवडणूक रद्द होणार, इतक्यात तांबट आळीतली म्हाळसा पुढे आली.

"तू कोण? काही शिकली-सवरलेली आहेस का?" राजांनी विचारले.

"तांबटाची मुलगी, महाराज. आमच्याकडे ठोकल्यावाचून कशालाच आकार येत नाही, माझ्या डोक्यालाही नाही. म्हणून आधी एक विचारते. आपल्या आज्ञापत्राच्या माथ्यावर शिक्का असतो आणि शेवटच्या ओळीखाली मोर्तब. त्यांत मोठे कोणते?"

"शिक्का! त्यावर आमचे नाव आहे. मोर्तब सुपारीएवढे. मजकूर इथे संपला, इतकेच ते सांगते."

"मग मोर्तब काढून टाकावे."

"वेडी आहेस? उद्या कोणीही खाली हवी ती ओळ घुसडील."

"जसे की, 'राजवाडा तांबट आळीस इनाम दिला'?"

राजे गादीवर सावरून बसले. म्हाळसा शांतपणे म्हणाली, "तर मग शिक्का काढावा."

"मग ती आज्ञा कोणाची, हे कसे..." राजे बोलता बोलता थांबले.

"तसेच आहे, महाराज. नगराचा कारभार अध्यक्षाच्या नावाने चालेल. त्यात कोणी आपल्या सोयीची ओळ घुसडू नये, हे आळीआळीचे सदस्य पाहतील. त्यांतले एक पद खोडायचे असेल, तर आधी आपले मोर्तब खोडा."

राजांनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला आणि निवडणुकीचे आज्ञापत्र मागवले. माथ्यावर ठसठशीत शिक्का उमटवून ते मोठ्या रुबाबाने म्हाळसेच्या हाती दिले.

तिने ते वरपासून खालपर्यंत पाहिले आणि अदबीने परत केले.

"महाराज, आळीचा सदस्य राहिला."

शेवटच्या ओळीखालची जागा कोरी होती. राजे इतके हसले की पगडी सावरायला सेवकाला धावावे लागले. त्यांनी हातातले सोन्याचे कडे उतरवून म्हाळसेला दिले, तांबट आळीचे गटार त्याच दिवशी उपसण्याचा हुकूम सोडला, आणि मोर्तब तिच्याच हातून उमटवून घेतले.

आम्ही देवकुंडकर परतताना एकमेकांना सांगत होतो, की हेच उत्तर आमच्याही अगदी ओठांवर आले होते. भिकोबाच्या तर, म्हणे, दोनदा.