केराबाईची पायवाट

काळ्या मातीच्या एका गावात केराबाई नावाची एक बाई राहायची. हाताने चलाख, मनाने मऊ, पण भारी भित्री. दुधाला विरजण लावलं की ते लागतंय की नाही या धास्तीने ती इतक्यांदा भांडं हलवून बघायची, की तिच्या घरचं दही कधी धड लागायचंच नाही. सासू कपाळावर हात मारून म्हणायची, "अगं बाई, त्याला जरा निवांत राहू दे की!"

त्या गावाचं सगळं पोट ज्वारीवर होतं, आणि ज्वारी म्हटली की उंदीर आलेच. उंदरांना धाक होता तो एका पाखराचा, कापशी घारीचा. पांढरं अंग, राखी पंख, लालभडक डोळे. शेतावर हवेत एका जागी पंख फडफडवत ती थांबायची, मग झपकन खाली यायची, आणि वर उठताना तिच्या पायांत उंदीर असायचा. दर वर्षी दिवाळी उलटली की गावाबाहेरच्या गवताळ पडीक रानात, तिथल्या एकुलत्या एक बाभळीवर, कापशीची जोडी घरटं बांधायची.

मागे एका साली वादळात ते घरटं पडलं होतं. त्या साली उंदरांनी ज्वारी कुरतडून कुरतडून नेली, आणि माणसांवर बिळं खणून आतली कणसं खायची वेळ आली. केराबाईनेही बिळं खणली होती. ती भूक ती अजून विसरली नव्हती.

म्हणून गावाने एक रीत पाळली होती. कापशी अंड्यांवर बसली की एका घराने राखणीला बसायचं, पिल्लं उडेपर्यंत. बकऱ्या, सरपण तोडणारे, उनाड पोरं, कुणालाही बाभळीकडे फिरकू द्यायचं नाही. या साली पाळी केराबाईच्या घरावर आली.

आधीच्या साली राखण केलेल्या म्हाताऱ्या आबांनी तिच्या हातात गोफण दिली आणि पडीक रानाच्या कडेचा दगडी बांध दाखवला.

"हितं बसायचं, केरा. बांधाच्या आत पाऊल टाकायचं न्हाई."

"आणि आत काय झालं तर, आबा?"

"आत काय करायचं ते तिचं ती बघंल. तू भाईरचं बघ. माणूस आत गेलं की गवतात वाट पडती, अन् वाट कुणाच्या बी पायाला चालती."

केराबाईने मान हलवली. पण मनात आलं, म्हाताऱ्याचं काय, त्याच्या साली काही झालं नाही म्हणून बोलतोय.

ती रोज भाकरी बांधून बांधावर जाऊन बसू लागली. कंबरेइतकं उंच, दाट कुसळी गवत आणि त्यापलीकडे बाभळ. घरटं म्हणजे फांद्यांतला एक काळा ठिपका. वारा सुटला की तिला वाटायचं, आता पडलं. कावळा ओरडला की वाटायचं, अंडी गेली. काहीच झालं नाही, सगळं शांत राहिलं, तर तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

मग एक दिवस कापशीचा नर पायांत उंदीर घेऊन आला आणि मादी त्याचे बारीक तुकडे करून खाली वाकताना दिसली. पिल्लं निघाली होती! केराबाईने बांधाला हात जोडले. घरी जाताना ती वाटभर स्वतःशीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र घरट्यावर काहीच हलेना. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. "मेली तर नसतील?" डोळ्यांपुढे ती खणलेली बिळं आली. शेवटी राहवेना. एकदाच, फक्त एकदाच, असं म्हणत तिने बांध ओलांडला आणि गवत तुडवत बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

मादी किंचाळत उडाली. वरून चिरचिर ऐकू आली. एक, दोन, तीन वेगवेगळे सूर. पिल्लं खुशाल होती, आई त्यांना पंखाखाली घेऊन गप्प बसली होती एवढंच. केराबाईचा जीव भांड्यात पडला.

पण भीतीचं असं असतं, तिला एकदा खाऊ घातलं की ती रोज दारात येऊन बसते. दुसऱ्या दिवशी केराबाई पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. जाऊन आली की घटकाभर बरं वाटायचं, आणि ऊन कलेपर्यंत धास्ती दुपटीने परत यायची. ती खाली उभी असेपर्यंत मादी वरती घिरट्या घालत ओरडायची. केराबाई तिला समजावायची, "मी हाय गं, मी! राखणीलाच आलीय." घारीला काय कळणार कपाळ. उभं गवत आडवं होत गेलं, आणि बांधापासून बाभळीच्या बुंध्यापर्यंत एक सरळ, मळलेली पायवाट पडली.

एका दुपारी केराबाई बांधावर बसून भाकरी सोडत होती. बांधाच्या दगडांत काहीतरी सरपटलं. तिने वळून पाहिलं. हातभर लांबीची घोरपड दगडांतून बाहेर आली होती. ती गवतात शिरायला गेली, कुसळं टोचली तशी मागे सरली. दुसरीकडून शिरायला गेली, पुन्हा मागे सरली. मग जीभ लपलपवत बांधाच्या कडेकडेने चालत आली ती थेट पायवाटेच्या तोंडाशी. तिथे ती थांबली. आणि मग सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, केराबाईच्या पावलांवर पाऊल टाकत बाभळीकडे निघाली.

केराबाईने गोफण उचलली, पण नेम चुकला तर धोंडा घरट्यालाच लागायचा. ती ओरडत धावली. घोरपडीची तिला लहानपणापासून भीती, तरी धावली. तोवर घोरपड बुंध्यावर चढली होती. मादी तिच्यावर झेप घालत होती, पुन्हा पुन्हा. केराबाईने खालून बुंध्यावर धोंडे मारले, काठी आपटली, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. शेवटी घोरपड धपकन खाली पडली, तोंडात मऊ पिसांचं एक पिल्लू धरून केराबाईच्या पायाजवळून त्याच वाटेने पळाली.

सगळं शांत झालं. केराबाई कान देऊन उभी राहिली. वरून आता एकच सूर येत होता; दुसरं पिल्लू घोरपडीने वरच गिळलं होतं.

"उरलेलं एक तरी घरी न्यावं," ती रडत म्हणाली. "पदरात घेते, उबेला ठेवते, डोळ्यांसमोर राहील." तिने खालची फांदी धरली. काटे तळव्यात रुतले. तेवढ्यात वर तिची नजर गेली. मादी अजून घिरट्या घालत होती. खाली उतरत नव्हती. घोरपड तर केव्हाच गेली होती.

"मग आता ही भितीय कुणाला?" केराबाईने स्वतःलाच विचारलं, आणि मागे वळून पाहिलं. गवतात तिची स्वतःची पायवाट उन्हात लख्ख दिसत होती. आबांचं बोलणं तिला आत्ता समजलं. तिने फांदी सोडली.

झाडाखाली वाळक्या काटेरी फांद्या पडल्या होत्या. त्या तिने ओढून घेतल्या आणि उलट्या पावलांनी मागे मागे निघाली. एकेक फांदी वाटेवर आडवी टाकत, गवत वर ओढत, हातांतून रक्त येत असताना ती बांधाबाहेर आली आणि बसली. मनातून कुणीतरी ओढत होतं, जा, बघून ये, ते मरेल, जा. पदराचा बोळा तोंडात धरून ती बसून राहिली. एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

ऊन कललं. मादी शेंड्यावर बसली, तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच घरट्यात उतरली.

केराबाईने त्यानंतर बांध ओलांडला नाही. एकच पिल्लू मोठं झालं आणि उडालं. खाणारं तोंड एकच, म्हणून त्या साली नराने उंदीरही थोडेच मारले. गावाला निम्मी ज्वारी मिळाली, आणि केराबाईने मान खाली घालून आपल्या घरची अर्धी भाकरी खाल्ली. तिच्या घरी दही मात्र घट्ट लागायला लागलं, असं सासू सांगायची.

पुढच्या साली पाळी एका नव्या सुनेच्या घरावर गेली. केराबाईने तिच्या हातात गोफण दिली आणि बांध दाखवला. आत गवत दाट होतं, पण बाभळीपर्यंत एक खुरटी, फिकट रेघ अजून दिसत होती.

"काकू, मला लई भीती वाटती ओ," सून म्हणाली. "लईच वाटली तर काय करू?"

"वाटू दे की," केराबाई म्हणाली. "तिला हितं बांधावर शेजारी बसव. आत नको नेऊस."

तात्पर्य: आपली भीती शमवणं म्हणजे दुसऱ्याची राखण करणं नव्हे. ज्याला जपायचं, त्याच्यापासून कधी कधी दूर बसायचंही धैर्य लागतं.