डॉक्टरांची बाही

“तुम्ही तरी दुसरं काय केलं असतंत, बुवा?”

विचारणारे डॉक्टर मुकुंद, जनावरांच्या कॉलेजात पहिले आलेले. आदल्या दिवशी हैबतीची घोडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. खरं तर हा प्रश्न नव्हताच, मनाची बोच झाकायची खटपट होती.

येसाजीबुवांनी घोड्यांची दुखणी ओळखण्यात सारी हयात घालवलेली. ते मठाच्या ओट्यावर दोर वळत बसले होते.

“काय दुखणं होतं?”

“पोटशूळ. आणखी काय?”

“पाणी पीत होती?”

“नुसती तोंड बुडवून खेळत होती.”

“लघवी?”

“सारखी कुंथत होती. थेंब थेंब... लालसर.” डॉक्टरांचा आवाज उतरला.

“तोंडात बघितलंस?”

“...नाही.”

हैबती म्हणाला होता, “सायेब, तोंडात फोड हायती तिच्या, बघा की!” त्यावर मुकुंद गुरगुरले होते, “डॉक्टर तू की मी?” नाकाने कांदे सोलायची सवय! आता ते आठवून त्यांचे कान तापले.

बुवांनी दोर खाली ठेवला. “मघापासून मनगट चोळतोयस. बाही वर कर.”

“काही नाही हो, भाजलं असेल कुठंतरी...”

“बाही.”

मनगटावर पाणी धरलेले टपोरे फोड होते.

“काल कुठं बसला होतास?”

“घोडीच्या चाऱ्यातल्या लसूणघासाच्या पेंढीवर. औषधाची चिठ्ठी लिहायला...”

बोलता बोलता डॉक्टरांना एकदम आठवलं. घामाने मनगटाला एक मेलेला पट्टेरी भुंगेरा चिकटला होता. तो त्यांनी टिचकीने उडवला होता. याच भुंगेऱ्यावर परीक्षेत पानभर लिहून त्यांनी शाबासकी मिळवली होती. चाऱ्यात सुकला तरी त्याचं विष जात नाही, कातडीला लागलं तर फोड उठवतं, पोटात गेलं तर घोड्याचं आतडं नि मूत्राशय सोलून काढतं, असं लिहिलं होतं.

लाजेने त्यांना धरणी ठाव देईना.

“उरलेल्या पेंढ्या कोण खातंय?” बुवांनी विचारलं.

“तिचं शिंगरू... मीच सांगितलं, त्याला भरपूर घाल म्हणून.”

ते धडपडत उठले, दोन पायऱ्या उतरले आणि थबकले. हात आपोआप बाही खाली ओढू लागला.

“बुवा, चारा खराब निघाला, एवढंच हैबतीला सांगितलं तर...?”

बुवांनी दोर पुन्हा हातात घेतला.

“बाही वर करून जा.”