शास्त्रीबुवांचा पूल आणि ठकूबाईचा मासा

आंबेवनच्या राजाचा नदीवरचा पूल दरवर्षी पुरात वाहून जायचा. सलग तीन पूल गेले, तरी ते बांधणारे गुंडोपंत शास्त्री ठणकावून सांगत, "दोष माझा नाही, नदीचा आहे!"

ठकूबाई भोईण मात्र वैतागली होती. तिची लेक पलीकडच्या गावात दिलेली. पूल गेला की लेकीचं नागपंचमीचं माहेरपण बुडालंच. म्हणून चौथ्या पुलाचं काम निघालं, तशी टोपलीत मासा घेऊन ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, शास्त्रीबुवांचे खांब चौकोनी. ते छाती काढून पाण्याशी भांडतात आणि मोडतात. खांब या माशासारखे करा, दोन्हीकडे निमुळते. भर पुरात चढणीचे मासे धारेच्या उलटे पोहत जातात. त्यांना कधी कुणी वाहून जाताना पाहिलंय?"

शास्त्री लालबुंद झाले. "मी बारा वर्षं काशीला गंगेकाठी राहून स्थापत्य शिकलो. आता मला मासा शिकवणार?"

ठकूबाईनं पदर सावरला. "बारा वर्षं गंगेकाठी राहिलात ना बुवा? मग एकदा तरी पाण्यात डोकावायचं होतं!"

राजा हसून हसून बेजार झाला. खांब निमुळते झाले. आषाढात पूर आला आणि खांबांना वळसा घालून निमूट पुढे गेला.

नागपंचमीला ठकूबाईची लेक पोराला कडेवर घेऊन पूल ओलांडत होती. मधोमध शास्त्रीबुवा कठड्यावरून ओणवे होऊन पाण्यात बघत होते. मान न वळवताच ते म्हणाले, "हळू चाल गं पोरी, मासे बिचकतील!"