घारीची सावली

कोंबड्या आणि मांजरं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. भर दुपारी खळ्यावर एक पिल्लू आईपासून चुकून एकटंच चिवचिवत होतं. शेळी आली, "आई असेल इथंच कुठंतरी," म्हणाली आणि निघून गेली. मागून म्हातारा बोका आला.

पिल्लाला आडोशाला न्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण पिल्लू उचलायची त्याला एकच रीत ठाऊक होती, दातांनी! बोक्याच्या तोंडात कोंबडीचं पिल्लू दिसल्यावर त्याचं कोण ऐकून घेणार? नकोच ती भानगड, म्हणून तो पुढे निघाला. तेवढ्यात घारीची सावली पिल्लावरून सरकली.

बोका माघारी फिरला. पिल्लाला न शिवता त्याच्या शेजारी बसला आणि गावभर ऐकू जाईल असा ओरडू लागला, "अहो, कुणाचं पिल्लू आहे हे? लवकर या!"

कोंबडी धावत आली आणि तिनं थेट त्याच्या नाकावर चोच मारली. "मेल्या, माझ्या पिल्लाजवळ बसायला तुला कुणी सांगितलं?"

नाकावरचं रक्त चाटत बोक्यानं वर पाहिलं. "तिनं," तो म्हणाला.

कोंबडीनंही वर पाहिलं आणि घाईघाईनं पिल्लाला पंखाखाली घेतलं. बोका जायला उठला.

"घार जाईपर्यंत बसतोस का रे?" कोंबडी हळूच म्हणाली.