फुगलेली छत्री

यातल्या एका तरी शब्दावर इस्वास ठेवून दाखव, मग तुला मानीन मी!

लई जुनी गोष्ट, म्हंजे परवाची न्हवं, त्याच्या आदल्या दिवसाची. माणसाला लटकवून डोंगरावरनं उडती ना, तसली एक लाल कापडाची छत्री व्हती. सगुणा नावाच्या पोरीला घेऊन ती उडाली. वर एक म्हातारं गिधाड गोल गोल फिरत व्हतं.

"ए टकल्या," छत्री म्हणाली, "घाण्याच्या बैलावानी एका जागी काय फिरतोस? मला बघ, सरळ दरी वलांडते!"

गिधाडानं नुसती मान वळवून बघितलं.

दरीच्या मधोमध वारा मेला. छत्री खाली खाली जायला लागली, अन् खाली तर नुसता कातळ. "आई गं!" सगुणा रडकुंडीला आली. छत्रीला वाटलं, माझ्या मिजाशीपायी पोर मरतीया.

तेवढ्यात गिधाड जवळ आलं अन् तिथंच गोल फिराया लागलं.

"आजोबा फिरत्यात तिथं गरम वारा वर चढत असनार!" म्हणत सगुणानं दोरी वढली. छत्रीबी त्याच्यामागं गोल गोल फिरत वर आली.

"आजोबा," छत्री पुटपुटली, "मघाशी मी जे बोलले..."

"काय बोललीस? वाऱ्यात मला काय ऐकू येत न्हाई बघ," गिधाड म्हणालं, अन् चांगली जागा तिला देऊन आपण बाजूला सरलं.

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

खाली उतरल्यावर सगुणा घडी घालाया बसली. रोज गुडघ्यानं दाबून हवा काढावी लागायची. त्या दिवशी छत्री आपली आपणच एवढुशी झाली.

माझ्या तोंडाकडं काय बघतोस? पळ आता!