पुढे झुकलेली डोलकाठी

समुद्र जिथे जमिनीत शिरून खाडी होतो, तिथे एकेकाळी गलबतं बांधणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावच्या मिस्त्र्यांची एकुलती लेक दूरदेशी शिकायला गेली आणि सात वर्षांनी परत आली.

सात वर्षं तिनं मनात एक किनारा जपला होता. त्यावर तीन-तीन गलबतांचे सांगाडे शेजारी शेजारी उभे असत. सुतारांचे लाकूड तासायचे वाकस सकाळपासून ठकठक वाजत, राळ उकळल्याचा वास घरांच्या माजघरांपर्यंत येई आणि तिचे वडील उंच फळीवरून चालत खालच्या माणसांना हाका मारत. परक्या देशातल्या थंडगार वर्गात बसून ती वहीच्या कडेला हाच किनारा पुन्हा पुन्हा काढी. गलबतं बांधायची विद्या शिकून परत जायचं आणि तिथे सांगाड्यांची रांग आणखी लांब करायची, एवढंच तिला हवं होतं.

ती होडीतून उतरली तेव्हा सांगाड्यांच्या जागी एक बकरी बांधलेली होती. वाळूवर जाळी वाळत होती. वाकसाचा आवाज कुठेच नव्हता. मोठ्या छपराखाली, एका कोपऱ्यात, तिचे वडील मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर हातभर लांबीचं एक लाकडी गलबत होतं.

"बाबा, आपली गलबतं कुठे गेली?"

"ही काय, आहे की," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मांडीवरचं गलबत उचलून दाखवलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला माशाच्या तेलाचा वास होता. तेवढा एक वास मात्र तिच्या आठवणीतला होता.

झालं असं होतं, की मोठी गलबतं दुसऱ्या बंदरांत बांधली जाऊ लागली आणि एकेक सुतार हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून तिकडे निघून गेला. आता एक नाखवा, म्हणजे गलबताचा धनी, पौर्णिमेच्या भरतीला येणार होता. नमुना मनासारखा तरला, तर त्याचं नवं गलबत याच किनाऱ्यावर बांधायचं, असा त्याचा निरोप होता. मग गेलेल्या सुतारांना परत बोलावता आलं असतं. नाहीतर पावसाळ्याआधी छप्परही उतरवायचं ठरलं होतं.

या गावात कागदावर आकृती काढून कोणी गलबत बांधत नसे. आधी हातभर लांबीचा नमुना करायचा, फळी न् फळी, दोर न् दोर खऱ्यासारखा. मग नमुन्यातल्या एका बोटाचा एक हात धरून सुतळीनं मापं घ्यायची. नमुना पुरा झाला, की त्याला लाल फडक्यात बांधायचं. फडकं बांधल्यावर हत्यार लावायचं नाही. नाखव्यासमोर तो गावच्या तळ्यात एकदा, फक्त एकदाच सोडायचा. तरला तर तरला. उलटला तर त्या नमुन्याचं गलबत कधीच बांधायचं नाही.

लेकीनं कंबर कसली. "आत्या, हा किनारा मी पुन्हा भरून टाकीन बघ!"

आत्यानं तिला लहानाची मोठी केली होती, आणि गावची शिडंही तीच शिवत असे. ती म्हणाली, "भर गो बाय. पण आधी ही सुई ओवून दे. तासभर झाला, दोरा नुसता नाकाच्या शेजारून जातोय."

"तिकडे शिडं यंत्रावर शिवतात."

"मग यंत्राला आण इकडे. मलाही जरा भात खाऊन लवंडता येईल."

लेक हसली आणि तिनं सुई ओवून दिली.

पुढचे काही दिवस ती वडिलांच्या शेजारी बसून नमुन्याचे दोर बांधू लागली. सागवानाच्या पातळ फळ्या बांबूच्या मेखांनी जोडल्या होत्या. सांध्यांत कापूस आणि राळ भरली होती. दोर ओढायच्या कप्प्या मिस्त्र्यांनी चिंचोके कोरून केल्या होत्या, एकेक कप्पी मुंगीएवढ्या भोकाची. शीड जिच्यावर ताणतात ती लांब तिरपी काठी, म्हणजे परभाण, वेताची होती. आत्यानं मांजरपाटाचं शीड शिवून दिलं होतं. लेक मेण लावलेला दोरा कप्पीतून ओवी आणि वडील बोटांनी चाचपून म्हणत, "हं." पसंत असलं तरी "हं" आणि नापसंत असलं तरी "हं." दोन्हींतला फरक तिला लहानपणी कळायचा. आता कळत नव्हता.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्या दिवसापासून खुपत होती. नमुन्याची डोलकाठी सरळ नव्हती. ती पुढे, गलबताच्या तोंडाकडे, म्हणजे नाळेकडे झुकली होती.

दूरदेशीची उंच जहाजं तिनं पाहिली होती. त्यांच्या डोलकाठ्या ताठ उभ्या असत. तिचे गुरुजी ओळंबा लावून दाखवत आणि म्हणत, डोलकाठी चुकली की सगळंच चुकलं. आणि वडिलांना दोरा ओवताना तीन-तीनदा चुकताना तिनं पाहिलं होतं. त्यांचे डोळे अधू झालेत, त्यांना दिसलंच नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

विचारावं असं तिच्या मनात आलं. पण विचारलं तर त्यांना केवढं लागेल! आणि खरं सांगायचं तर, सात वर्षं शिकून आल्यावर पुन्हा लहान मुलीसारखं "असं का?" म्हणायला तिची जीभ रेटेना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिस्त्र्यांनी नमुन्याला लाल फडकं बांधलं आणि ते बाजाराला गेले. लेकीनं छपराखाली कोणी नाही असं पाहून फडकं सोडलं. दोर सैल केले, डोलकाठीच्या बुडाची पाचर काढली, ओळंबा धरला आणि काठी अगदी ताठ उभी करून पाचर पुन्हा ठोकली. सगळे दोर नव्यानं बांधले. इतकं सुबक काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. फडकं बांधताना तिचे डोळे आनंदानं भरून आले. 'बाबांची लाज राहिली,' ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव तळ्यावर जमला. नाखवा आला. भारदस्त आणि बोलायला मोकळा माणूस. त्यानं रिवाजाप्रमाणे फडकं सोडून आपल्या हातानं नमुन्याच्या पोटात मूठभर तांदूळ भरले. "मिस्त्री, माझा माल सांभाळा हं. उंदीर नाहीत ना आत?"

"उंदरांनीसुद्धा गाव सोडलंय, नाखवा," आत्या मागून म्हणाली, आणि लोक हसले.

मिस्त्री नमुना घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. सोडण्याआधी त्यांनी सवयीनं डोलकाठीवरून बोटं फिरवली. बोटं थांबली. त्यांनी काठावर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक ताठ मानेनं हसत होती. मिस्त्री क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग त्यांनी नमुना पाण्यावर ठेवला.

शिडात वारा भरला. गलबत झोकात निघालं. तळ्याच्या मध्यापर्यंत ते असं गेलं, की नाखव्यानं मांडीवर थाप मारली. मिस्त्री पाण्यातून त्याच्या मागे चालत होते. मध्यावर गलबत वळवायचं होतं. त्यासाठी परभाण डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या अंगाला घ्यावी लागते. मिस्त्र्यांनी परभाण फिरवायला घेतली. ती डोलकाठीला घासली, दोरात अडकली आणि तिथेच राहिली. वाऱ्यानं शीड काठीवर दाबून धरलं. गलबत एका अंगावर झुकलं, आणखी झुकलं आणि उलटलं. तांदूळ पाण्यात सांडले. माशांची झुंबड उडाली.

काठावरचे लोक पुढे सरकले.

मिस्त्र्यांनी उलटलेला नमुना छातीशी धरला आणि ते काठावर आले. "माझा हात आता राहिला नाही, नाखवा," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

लेकीनं नजर पाण्यातल्या तांदळांकडे वळवली.

नाखव्यानं ओल्या नमुन्याकडे एकदा पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ही तुमची दूरदेशी शिकलेली लेक ना? पोरी, म्हाताऱ्या हातांचं काम संपलं. उद्या सकाळच्या भरतीला माझ्याबरोबर चल. माझ्या बंदरात तुला छप्पर देतो, वीस सुतार देतो. हवी तशी गलबतं बांध."

वीस सुतार, वीस वाकस. सात वर्षं जे मागितलं होतं, ते तिच्यासमोर उभं होतं. ती "हो" म्हणाली नाही, पण "नाही"ही म्हणाली नाही.

दिवेलागणीला बापलेक जेवायला बसली. लेकीनं ताट बाजूला सारलं.

"बाबा, डोलकाठी मी सरळ केली होती."

"हं."

"तुम्हाला पाण्यात उतरल्यावर कळलं होतं. मग थांबला का नाहीत?"

मिस्त्र्यांनी भात कालवता कालवता हात थांबवला. "मला वाटलं, तू शिकून आलीयस. तिकडचं काही नवं शहाणपण असेल. तरेलही." मग हळूच म्हणाले, "मलाही शिकावंसं वाटलं गो तुझ्याकडून."

लेकीनं मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "ती पुढे का झुकवतात?"

मिस्त्र्यांनी डावा हात डोलकाठीसारखा पुढे कलता धरला आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या पुढून अलगद पलीकडे नेलं. "परभाण मोठी असते. तिला फिरायला वाट लागते. काठी कलली, की वाट मोकळी होते. तुमच्या तिकडच्या जहाजांची शिडं वेगळी, म्हणून त्यांच्या काठ्या ताठ."

एवढंच होतं ते. विचारलं असतं तर घासभर वेळात कळलं असतं.

"जा उद्या," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या हातातली गाठ चांगली आहे. इथे आता काय राहिलंय?" आणि ते हात धुवायला उठले. पण उंबऱ्यापाशी ते उगाचच बराच वेळ अंधाराकडे पाहत उभे राहिले.

सकाळी भरती आली. नाखव्याचं गलबत शीड चढवून धक्क्याला डुलत होतं. नाखव्याला निरोप द्यायला गाव गोळा झाला होता. लेक आली. हातात पेटी नव्हती, उलटलेला नमुना होता.

"नाखवा, काल बाबा खोटं बोलले," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "त्यांनी डोलकाठी बरोबर बसवली होती. मी फडकं सोडलं, न विचारता ती ताठ केली, आणि बाबा 'चूक माझी आहे' म्हणाले तेव्हा मी गप्प बसले. हात त्यांचा चुकला नाही."

गर्दीत कुजबुज झाली. "अगं बाई, फडकं सोडलंन!" कोणीतरी म्हणालं. आत्यानं पदर तोंडाला लावला.

नाखव्यानं तिला नीट न्याहाळलं. "उलटलेल्या नमुन्याचं गलबत मला बांधता येणार नाही. रिवाज माझाही तोच आहे. माझं गलबत आता दुसरीकडेच बांधलं जाईल."

"ठाऊक आहे."

"पण एवढ्या लोकांत खरं बोलणारं माणूस मला हवंच आहे. चल तू. जागा आहे."

लेकीनं त्या भरल्या शिडाकडे पाहिलं. तिला जायचं होतं. किती जायचं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"नाही येत," ती म्हणाली. "या किनाऱ्यावर मला वाकडं दिसणारं आणखी किती काही सरळ आहे, ते मला अजून ठाऊक नाही. ते शिकल्याशिवाय मी वीस सुतारांना काय सांगणार?"

गलबत निघालं. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून त्याचं शीड नखाएवढं होईपर्यंत ती पाहत राहिली. मग ती छपराखाली गेली. मिस्त्री कोपऱ्यात नुसतेच बसले होते, हातात काही नव्हतं. तिनं सागवानाचा एक कोरा तुकडा शोधून त्यांच्यासमोर ठेवला आणि ती खाली बसली.

"बाबा, नवा नमुना करायचा. पुढच्या पौर्णिमेला नाहीतर त्याच्या पुढच्या, कोणीतरी नाखवा येईलच. छप्पर उतरवलं तर अंगणात बसू. तासते मी. पण प्रत्येक ठिकाणी 'असं का' म्हणून विचारीन. कंटाळायचं नाही."

तात्पर्य इतकंच, की दुसऱ्याच्या हातचं काम आपल्याला वाकडं दिसलं, तर ते सरळ करण्याआधी त्याला "असं का?" विचारावं; आणि न विचारता चूक झालीच, तर ती ज्यानं केली त्यानंच चार माणसांत उचलावी.